मिरजेचा एमआरआय, मावशीचा प्रश्न आणि फळ्यावरचं चुकलेलं वाक्य

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे. हेडफोन नसतील, एसटीत बसला असाल, तर वाचा.)

 

आज सुरुवात एका कबुलीने करते. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. बारावीचा मॅग्नेटिझमचा धडा आला की मी सुपरकंडक्टरचा विषय काढते. सुपरकंडक्टर म्हणजे आपल्या मराठीत अतिसंवाहक. आणि गेली कितीतरी वर्षं मी फळ्यावर एक वाक्य लिहीत आले, खाली दोन रेघा मारून: 'अतिसंवाहकता आणि चुंबकत्व एकत्र नांदत नाहीत.' मुलं ते वहीत उतरवून घेतात. काही जण तर लाल पेनाने चौकट करतात.

हे वाक्य जसं मी लिहीत होते तसं बरोबर नाही. आणि ते बरोबर नाही हे दाखवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यातले बरेच लोक आपल्या मुंबईत, कुलाब्याला काम करत होते. मला हे कधी नीट कळलं, तर मावशीला घेऊन मिरजेला गेले तेव्हा. तेच आज सांगणार आहे.

मिरजेतली खोली

मावशी विट्याला असते. मणक्याचं दुखणं होतं, डॉक्टर म्हणाले एमआरआय काढून घ्या. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात मोठं दुखणं म्हटलं की मिरज, हे काही सांगायला नको. मी साताऱ्याहून गेले, मावशी आणि तिचा नातू विट्याहून आले. नातू बारावीला आहे, मला आत्या म्हणतो.

आत जायच्या आधी टेक्निशियनने मावशीला सगळं काढायला लावलं. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, पदराची सेफ्टी पिन. मावशी म्हणाली, "आवं, मशीन तर बंदच हाय की अजून." तो हसला. म्हणाला, "मशीन बंद असलं तरी चुंबक चालूच असतो, मावशी. रात्रंदिवस. दिवाळीलासुद्धा."

दार उघडलं तेव्हा आतून एक आवाज येत होता. चक-चक-चक, एका लयीत. कुणाचा स्कॅन चालू नव्हता, तरी तो आवाज होता. तो आवाज लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

स्कॅन झाला. बाहेर चहा घेताना मावशीने विचारलं, "काय गं पोरी, एवढा मोठा चुंबक रात्रंदिवस चालू ठिवायचा म्हंजे लाईट बिल किती येत आसंल?"

मंडळी, हा इतका नेमका प्रश्न मला माझ्या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता.

बिल कशाचं येतं?

उत्तर असं. एमआरआयमधला चुंबक म्हणजे तारेचं मोठं वेटोळं. तार निओबियम आणि टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची असते आणि ती कित्येक किलोमीटर लांब असते. त्या वेटोळ्यात शेकडो अँपिअर करंट फिरतो. नेहमीच्या मशीनचं चुंबकीय क्षेत्र असतं 1.5 टेस्ला. आपण जिथे उभे आहोत तिथल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण 35 हजार पट.

घरातल्या तांब्याच्या तारेत एवढा करंट सतत सोडला तर ती तापून लाल होईल. पण निओबियम-टायटॅनियमची ही तार द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते. तापमान 4.2 केल्विन, म्हणजे शून्याखाली 269 अंश सेल्सिअस. त्या थंडीत तारेचा विद्युत रोध शून्य होतो. कमी होतो असं नाही म्हणत मी, शून्य होतो. एकदा करंट भरला, वेटोळ्याची दोन टोकं एकमेकांना जोडली आणि बाहेरची वीज काढून घेतली, की तो करंट वर्षानुवर्षं फिरत राहतो. चुंबक सांभाळायला वीज लागत नाही. बिल येतं ते थंडावा टिकवायचं, एसीचं आणि स्कॅन करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचं. तो चक-चक आवाज त्या थंड करणाऱ्या पंपाचा. हेलियम उकळून उडून जाऊ नये म्हणून तो बिचारा दिवसरात्र राबत असतो.

मावशीचं समाधान झालं. म्हणाली, "म्हंजे फ्रीजचं बिल हाय तर." हो, फ्रीजचंच बिल.

पण नातू गप्प बसेना. तो म्हणाला, "आत्या, तूच मला व्हिडिओ दाखवला होतास ना, सुपरकंडक्टर चुंबकाला लांब ढकलतो, म्हणून चुंबक त्याच्यावर तरंगतो. आणि जोरदार चुंबकाजवळ नेलं की सुपरकंडक्टर मरतो असंही तूच सांगितलंस. मग सुपरकंडक्टरचाच चुंबक कसा करतात? स्वतःच्याच चुंबकामुळे तो मरत कसा नाही?"

मी काहीतरी उत्तर दिलं. पण परतीच्या एसटीत माझं मलाच ते पटेना. सांगलीहून पेठ नाक्यापर्यंत मी मोबाईलवर वाचत होते. कराड आलं तरी वाचतच होते. आणि फळ्यावरचं ते दोन रेघांचं वाक्य डोळ्यांपुढून जाईना.

वारीतली फुगडी

आधी थोडं मूळ समजून घेऊ. 1911 साली हॉलंडमधल्या लायडनमध्ये कामरलिंग ओन्स यांनी पारा 4.2 केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध एकदम नाहीसा झाला. हे का होतं ते कळायला 1957 उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी सांगितलं की त्या थंडीत इलेक्ट्रॉन जोड्या करतात.

आता आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक जण आपापल्या वाटेने चाललाय, धक्के खातोय, अडखळतोय. साध्या तारेतले इलेक्ट्रॉन असे चालतात, आणि धक्के म्हणजे रोध. आता आपल्या जिल्ह्यातून जाणारी माउलींची पालखी आणा डोळ्यांसमोर. लोणंद, तरडगाव, फलटण. हजारो माणसं एका तालावर पाऊल टाकतात. एकट्याला धक्का देऊन बाजूला काढणं अवघड, कारण तो एकटा नाहीच, सगळा समुदाय एक होऊन चाललाय. अतिसंवाहकातला करंट असा असतो.

आणि या वारीतला प्रत्येक घटक म्हणजे फुगडीची जोडी समजा. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुण असतो, जणू त्याच्या अंगातला छोटासा चुंबक. साध्या अतिसंवाहकात जोडीतल्या एकाचा स्पिन वर असतो, दुसऱ्याचा खाली. दोघांचा मिळून चुंबक शून्य. फुगडीत दोघी एकमेकींच्या विरुद्ध बाजूला झुकतात, म्हणून तोल सांभाळला जातो, तसं काहीसं. फक्त एक फरक. फुगडीतल्या दोघी हात धरून असतात, पण इलेक्ट्रॉनच्या जोडीतले दोघं एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात, आणि मध्ये अनेक अणू असतात. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

जोडी जुळवतं कोण? साध्या अतिसंवाहकात हे काम अणूंच्या जाळीचं. एक इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूचे धन अणू किंचित आत ओढले जातात. गादीवर एक जण बसला की खळगा पडतो आणि शेजारचा त्याच्याकडे घसरतो, तसं.

शत्रुत्वाचे पुरावे

आता चुंबक या जोडीला काय करतो? दोन गोष्टी करतो.

पहिली बाहेरून. 1933 साली माइसनर आणि ऑक्सनफेल्ड यांनी दाखवलं की अतिसंवाहक आपल्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र बाहेर हाकलतो. त्यासाठी त्याला ऊर्जा खर्च करावी लागते. क्षेत्र फार वाढलं की तो खर्च परवडत नाही आणि अतिसंवाहकता संपते. पारा, शिसं यांसारखे धातू अगदी थोड्या क्षेत्राला हार मानतात. पण काही पदार्थ तडजोड करतात. चुंबकीय क्षेत्राला ते सगळीकडे पसरू देत नाहीत, बारीक नळ्यांसारख्या वाटा करून देतात. नळीच्या आत अतिसंवाहकता नाही, बाहेर सगळीकडे आहे. निओबियम-टायटॅनियम असं करतं. शिवाय तारेतल्या बारीकसारीक दोषांमध्ये या नळ्या अडकून पडतात, हलत नाहीत, म्हणून करंट विनारोध वाहत राहतो. नातवाच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर. मिरजेचा चुंबक तडजोडीवर चाललाय.

दुसरी गोष्ट आतून, आणि ती जास्त घातक. समजा पदार्थाच्या आतच असे अणू आहेत ज्यांना स्वतःचं चुंबकत्व आहे. ते इलेक्ट्रॉनच्या स्पिनला आपल्या दिशेने वळवू पाहतात. जोडीत तर एक वर, एक खाली हवा. वाऱ्याने दोघींनाही एकाच बाजूला ढकललं तर फुगडी सुटणारच.

याचा पुरावा 1958 साली मिळाला. लँथॅनम हा धातू अतिसंवाहक आहे. बर्न्ड मॅथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गॅडोलिनियम हे चुंबकीय मूलद्रव्य मिसळलं. शंभर अणूंत एक, एवढ्याने अतिसंवाहकता जवळपास संपली. विष म्हणतात ते हेच.

आणखी एक नाट्यमय उदाहरण 1977 सालचं. एर्बियम, रोडियम आणि बोरॉनचं एक संयुग. थंड करत गेलं की 8.7 केल्विनला ते अतिसंवाहक होतं. अजून थंड करा, 0.9 केल्विनला एर्बियमचे सगळे छोटे चुंबक एका दिशेने उभे राहतात, आणि अतिसंवाहकता निघून जाते. आलेला पाहुणा दारातून परत गेला.

हे वाचलं की माझं फळ्यावरचं वाक्य बरोबरच वाटतं ना? मलाही तसंच वाटत होतं.

कुलाब्यातली गोष्ट

आता मुंबईला चला. कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. होमी भाभांनी 1945 साली सुरू केलेली. 1990 नंतरच्या काळात तिथे एक गट यिट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या संयुगांवर काम करत होता. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन ही त्यातली काही नावं. आयआयटी मुंबईचे बी. डी. पडालिया आणि फ्रान्सचे सी. गोदार हेही सोबत होते.

निकेल म्हणजे काय, लक्षात घ्या. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल, चुंबकाला चिकटणारे हे तीन नेहमीचे धातू. माझ्या फळ्यावरच्या वाक्याप्रमाणे, निकेल जिथे भरपूर आहे तिथे अतिसंवाहकता शोधायला जाऊच नये.

पण त्यांच्या नमुन्यात 12 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची खूण दिसली. खूणच, कारण नमुन्याचा अगदी छोटा हिस्सा अतिसंवाहक होता. प्रयोगशाळेत असं झालं की सगळ्यात सोपं काय? 'काहीतरी भेसळ असेल' म्हणायचं आणि पुढे जायचं. आणि गंमत म्हणजे भेसळ होतीच! पण ती नेमकी कशाची, याच्या मागे ते लागले. ती होती कार्बनची. मग त्यांनी मुद्दाम कार्बन घातला, आणि ती पुसट खूण ठसठशीत झाली. जानेवारी 1994 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या पत्रिकेत त्यांचा लेख आला: निकेल असलेल्या मिश्रणात 12 केल्विनला अतिसंवाहकता.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट कावा यांच्या गटाचं कामही छापून आलं. निकेलच्या जागी पॅलेडियम घातलेल्या नातेवाईक पदार्थात त्यांना 23 केल्विन मिळालं. तांब्याचे ऑक्साइड सोडले तर धातूंच्या संयुगांमध्ये 1973 पासूनचा विक्रम तेवढाच होता. जगभरच्या प्रयोगशाळा या नव्या कुटुंबाकडे वळल्या. या कुटुंबाचं नाव बोरोकार्बाइड.

मला या गोष्टीत सगळ्यात काय भावलं सांगू? वर्गात प्रयोगाचं रीडिंग जरा वेगळं आलं की आम्ही मुलांना सांगतो, 'परत घे, चुकलं असेल.' मीही सांगते. कधीकधी खरंच चुकलेलं असतं. पण ते का चुकलं हे विचारायची सवय आम्ही लावत नाही.

एकाच कुटुंबातली चार भावंडं

खरी मजा आता सुरू होते. या संयुगात यिट्रियमला चुंबकत्व नाही. निकेललाही इथे स्वतःचं चुंबकत्व उरत नाही, आजूबाजूच्या अणूंच्या संगतीत त्याचा स्वभाव बदलतो. पण यिट्रियमच्या जागी तुम्ही होल्मियम, एर्बियम, डिस्प्रोसियम अशी जोरदार चुंबकीय मूलद्रव्यं बसवू शकता. लँथॅनममध्ये शंभरात एक चुंबकीय अणू विष ठरला होता. इथे तर त्या जागेवरचा प्रत्येक अणू चुंबक. अतिसंवाहकता संपायलाच हवी. संपते का?

पहिला भाऊ एर्बियमवाला. 11 केल्विनच्या जरा खाली अतिसंवाहक होतो. 6 केल्विनला त्याच्यातले चुंबक शिस्तीत उभे राहतात. आणि अतिसंवाहकता तशीच राहते! पुढे 2.3 केल्विनच्या खाली तर थोडंसं खरं लोहचुंबकत्वही येतं. तरीही राहते. दोघं एकाच घरात.

दुसरा डिस्प्रोसियमवाला. इथे क्रमच उलटा. साडेदहा केल्विनच्या आसपास आधी चुंबक शिस्तीत उभे राहतात, आणि मग 6 केल्विनजवळ, त्या चुंबकांच्या मधोमध, अतिसंवाहकता जन्माला येते.

तिसरा होल्मियमवाला, जरा लहरी. 8 केल्विनला अतिसंवाहक होतो. पाच-सहा केल्विनच्या दरम्यान त्याच्यातले चुंबक नागमोडी, वळत जाणाऱ्या रचनेत असतात. तेव्हा अतिसंवाहकता लटपटते, थोडं बाहेरचं चुंबकीय क्षेत्र दिलं तर नाहीशीच होते. पण 5 केल्विनच्या खाली चुंबकांची रचना बदलते आणि अतिसंवाहकता परत येते. पाहुणा दारातून गेला, आणि या वेळी वळून घरात आला.

चौथा गॅडोलिनियमवाला. याच्यात अतिसंवाहकता दिसतच नाही. म्हणजे शत्रुत्व खोटं नाही, ते आहेच. मग पहिल्या तिघांत काय वेगळं घडलं?

चुंबक किती जोरदार आहेत एवढंच पाहून चालत नाही, ते कसे उभे आहेत तेही पाहावं लागतं. सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले तर त्याला लोहचुंबकत्व म्हणतात. होल्मियमवाल्यात 5 केल्विनच्या खाली असं असतं की एका थरातले सगळे चुंबक एका दिशेला, वरच्या थरातले बरोबर उलट दिशेला, त्याच्या वरचे पुन्हा पहिल्या दिशेला. याला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. आता आठवा, जोडीतले दोन इलेक्ट्रॉन लांब असतात, मध्ये अनेक थर असतात. एका थराने उजवीकडे ढकललं, पुढच्याने डावीकडे. जोडीच्या लांबीवर बेरीज केली की ढकलणं जवळपास शून्य. फुगडी चालू राहते. पण रचना नागमोडी असेल तर ही वजाबाकी इतकी नीट जुळत नाही.

म्हणजे माझ्या वाक्यात किमान एवढी दुरुस्ती हवी: 'एकाच दिशेने ढकलणारं चुंबकत्व जोड्या तोडतं. एकमेकांना छेद देणारं चुंबकत्व अतिसंवाहकतेसोबत राहू शकतं.'

शत्रू की मध्यस्थ?

इथेच थांबता आलं असतं. पण गोष्ट याच्याही पुढे जाते. बोरोकार्बाइडमध्ये जोड्या मुख्यतः अणूंच्या जाळीच्या कंपनांनीच जुळतात असं मानलं जातं. चुंबकत्व तिथे सहन केलेला शेजारी आहे. पण पदार्थांचा एक वर्ग असा आहे की जिथे चुंबकत्वच लग्न जुळवणारा मध्यस्थ असावा. त्यांना अपारंपरिक अतिसंवाहक म्हणतात.

1979 साली जर्मनीत फ्रँक स्टेग्लिश यांना सिरियम, तांबं आणि सिलिकॉनच्या संयुगात, अर्ध्या केल्विनच्या आसपास, अतिसंवाहकता सापडली. सिरियमचे अणू चुंबकीय. आणि इथे विचित्र प्रकार असा की चुंबकीय सिरियम काढून बिनचुंबकी लँथॅनम घातलं तर अतिसंवाहकता जाते. विषच औषध निघालं.

1986 साली बेडनोर्झ आणि म्यूलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिसंवाहकता मिळाली. पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग आलं, 92 केल्विनचं. या पदार्थांचं मूळ रूप पाहिलं तर ते प्रतिलोहचुंबक आहे आणि त्यातून वीज वाहतच नाही. त्यातले काही इलेक्ट्रॉन काढून घ्या, चुंबकांची शिस्त मोडते, आणि ती मोडली की अतिसंवाहकता येते. 2008 मध्ये जपानच्या होसोनो यांच्या गटाने लोखंड असलेल्या संयुगात 26 केल्विनला अतिसंवाहकता दाखवली. लोखंड, मंडळी! आणि तिथेही तीच कथा, चुंबकीय शिस्तीच्या शेजारीच अतिसंवाहकता.

पुन्हा पुन्हा तोच शेजार दिसला तर संशय येणारच. कल्पना अशी आहे. चुंबकांची शिस्त मोडली तरी त्यांची चुळबुळ थांबत नाही. कृष्णेच्या घाटावर उभे राहा. एक नाव पुढे गेली की मागे लाटा उठतात आणि दुसरी नाव त्या लाटांवर हलते. इथे पाण्याच्या जागी स्पिनची चुळबुळ. एक इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूचे स्पिन डिवचतो, ती लाट दुसऱ्याला जाणवते, आणि त्यातून जोडी जुळते. गादीच्या खळग्यापेक्षा हे वेगळं आहे, कारण या लाटेत ओढ कमी आणि ढकलणं जास्त. म्हणून दोघं एकाच जागी येणं टाळतात. तांब्याच्या ऑक्साइडमधल्या जोडीचा आकार त्यामुळे गोल नसतो. मोहरीच्या फुलासारख्या चार पाकळ्या असतात, आणि पाकळ्यांच्या मधल्या दिशांना जोडीची पकड शून्य होते. हा आकार प्रयोगांनी सिद्ध झाला आहे. पण जोडी जुळवणारा मध्यस्थ नक्की चुंबकीय लाटाच का, यावर तांब्याच्या ऑक्साइडबाबत आजही एकमत नाही. चाळीस वर्षं होत आली तरी वाद चालू आहे.

आणि शेवटचा धक्का 2000 सालचा. युरेनियम आणि जर्मेनियमचं एक संयुग. ते चक्क लोहचुंबक आहे, सगळे एका दिशेला. त्याला दाबाखाली ठेवलं की त्याच लोहचुंबकाच्या आत अतिसंवाहकता येते. फुगडी तुटायला हवी ना? इथे जोडीचा प्रकारच वेगळा असावा, दोघांचेही स्पिन एकाच दिशेला. वारा ज्या बाजूने वाहतो त्याच बाजूला दोघी झुकल्या, तर वारा काय तोडणार? म्हणजे मघाशी केलेली दुरुस्तीसुद्धा पुरी पडत नाही.

नायट्रोजनचा कॅन

तुम्ही म्हणाल, या केल्विनच्या गप्पांचा आम्हाला काय उपयोग?

गावाकडे ज्यांच्या घरी म्हशी-गाई आहेत त्यांना जनावरांच्या डॉक्टरांकडचा तो अॅल्युमिनियमचा कॅन माहीत असेल. झाकण उघडलं की पांढरा धूर येतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात ठेवतात. आत द्रवरूप नायट्रोजन असतो, 77 केल्विन. म्हणजे 92 केल्विनला चालणारा अतिसंवाहक थंड करण्याइतकी थंडी विट्याच्या, खटावच्या गोठ्यापर्यंत मोटरसायकलवर पोचते. (हात मात्र घालू नका, कातडी जळते.) द्रव हेलियमचं तसं नाही. हेलियम महाग आहे, मिळायला अवघड आहे, आणि मिरजेच्या त्या खोलीतला पंप रात्रंदिवस राबतो तो त्याच्यासाठी.

मग एमआरआयची तार या नव्या पदार्थांची का नाही? कारण ते मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ, किलोमीटरभर तार ओढणं अवघड आणि महागडं. पण जोड्या नक्की कशाने जुळतात हे कळलं, तर सोयीचा पदार्थ अंदाजाने चाचपडत शोधावा लागणार नाही. मावशीने विचारलेलं ते फ्रीजचं बिल कमी होण्याचा रस्ता या वादातून जातो.

नवीन वाक्य

मावशीचा रिपोर्ट ठीक आला, ऑपरेशनची गरज नाही. मी सुट्टीनंतर वर्गात गेले आणि जुनं वाक्य फळ्यावर लिहिलं. मुलांनी वह्या उघडल्या. मग मी ते पुसलं आणि सांगितलं की मागच्या वर्षीच्या मुलांना मी हे चुकीचं शिकवलंय, तुमची भावंडं, मित्र त्यात असतील तर त्यांना सांगा. वर्ग क्षणभर शांत झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आता काय लिहायचं?"

मी लिहिलं: 'चुंबकत्व अतिसंवाहकतेला मारतं का? ते चुंबक कसे उभे आहेत आणि जोडी कशी जुळली आहे, यावर अवलंबून.' या वेळी खाली रेघा मारल्या नाहीत.

तुम्हीही कधी माझ्या वर्गात बसला असाल तर वहीत तेवढी दुरुस्ती करून घ्या.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर कमेंटमध्ये लिहा किंवा व्हॉइस नोट पाठवा. मावशीसारखे प्रश्न पाठवा, ते सगळ्यात अवघड असतात. पुढच्या भागात हेलियमबद्दल बोलू: तो येतो कुठून आणि संपला तर काय. तोवर, नमस्कार.